परड्यात छोटं रान कसं उभं करावं

वळीव आला की छत्री घेऊन परड्यात, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, जा. पाणी कुठून येतं, कुठं थांबतं, कुठून निसटतं ते नीट बघून ठेवा. झाडं कुठं लावायची हे त्यावरूनच ठरतं.

५०० चौरस फुटांच्या कौलांवर १० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ४५० लिटर पाणी पन्हाळीतून उतरतं. ते गटारात सोडू नका. पन्हाळीखालून वीतभर खोल चर काढून, घराच्या पायापासून चार-पाच फूट लांब ठेवून, झाडांकडं न्या. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या तांबड्या मातीत पाणी झरझर मुरतं, तिथं चर उताराला आडवे हवेत. निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या मातीत पाणी साचून मुळं कुजतात, तिथं वाफे वीतभर उंच करा. मोरीचं पाणी केळीला सोडा.

मग झाडं. रानात सगळी झाडं एका उंचीची नसतात. शेवगा पश्चिमेला लावा म्हणजे उन्हाळ्यात दुपारचं ऊन अडतं. दक्षिण मोकळी ठेवा, थंडीत भाजीला ऊन मिळतं. मधे पेरू, लिंबू, कढीपत्ता. त्यांच्या सावलीत हळद, आलं, अळू. कुंपणावर दोडका, घेवडा. कडेला तुरीची चार झाडं हवीतच, कारण तिच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरून ठेवतात.

माती उघडी ठेवू नका. सुगीनंतर बेळगावच्या वडगाव, अनगोळ भागात भाताचं पिंजर मिळतं, इतरत्र उसाचा पाला. चार बोटं जाड थर द्या, पण खोडाला चिकटवू नका, नाहीतर साल कुजते. परड्यातला पालापाचोळा पेटवूही नका, मला ते बघवत नाही. पावसाळ्यात दोन महिन्यांनी तो थर उचलून बघा. खाली बुरशीचे पांढरे धागे आणि गांडुळं दिसतील, मातीला रानातल्यासारखा वास येईल.

आता सगळ्यात अवघड काम: किडी बघून गप्प बसणं. आमच्या कढीपत्त्यावर पहिल्या वर्षी पक्ष्याच्या विष्ठेसारखं काहीतरी चिकटलेलं दिसलं. आईनं ते काडीनं काढून टाकलं. पुढच्या वर्षी तसंच दिसलं तेव्हा मी राहू दिलं. ती अळी होती. थोड्या दिवसांनी हिरवीगार झाली. बोट लावलं तर डोक्यामागून दोन लालसर शिंगं बाहेर काढून उग्र वास सोडायची. तिचं काळं फुलपाखरू झालं. झाडाची चार पानं गेली, पण नवी पालवीही आली.

घेवड्यावर मावा (रस शोषणारी बारीक कीड) आला तरी आठ-दहा दिवस थांबा. लाल-काळे ढालकिडे येतात आणि मावा खातात. त्यांची पिल्लं काळी, लांबट, खरबरीत असतात. त्यांनाच कीड समजून लोक मारतात. औषध फवारलंत तर दोन्ही मरतात, आणि मावा आधी परत येतो. फारच झाला तर पाण्याच्या जोराच्या धारेनं धुवून काढा.

तुळशीच्या काही मंजिऱ्या खुडू नका, मधमाश्यांना लागतात. भाजीच्या वाफ्यात झेंडू लावा, त्याच्या मुळांमुळं सूत्रकृमी (मुळांना लागणारे मातीतले बारीक जंत) कमी होतात. उथळ परातीत दगड मांडून पाणी ठेवा आणि ते रोज बदला, नाहीतर डास होतील.

छाटणीआधी प्रत्येक फांदी निरखून बघा. शिंपी पक्षी मोठी पानं शिवून त्यात घरटं करतो. दिसलं तर पिल्लं उडेपर्यंत कात्री बाजूला ठेवा.