गोव्यातील जुनी घरे पाहताना गुलामांचा माग कसा घ्यावा

गोव्यातील जुन्या घरांची सफर बहुधा बाल्कांवापासून, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओसरीपासून, सुरू होऊन दिवाणखान्यातील झुंबरे, मकावहून आलेली चिनी भांडी आणि शिंपल्यांच्या खिडक्या यांपाशी संपते. हे वैभव पाहण्यासारखे आहे यात शंका नाही. परंतु ते घासणारे, पुसणारे आणि त्यासाठी पाणी वाहणारे हात कोणाचे होते, हा प्रश्न मनात घेऊन गेल्यास तेच घर वेगळे दिसते.

घरापूर्वी जुने गोवे पाहावे. दिवाडीच्या फेरीधक्क्यापासून व्हाइसरॉयच्या कमानीतून आत शिरणारा रस्ता ही एकेकाळची रुआ दिरेइता, म्हणजे शहराची मुख्य पेठ. १५८३ मध्ये गोव्यात आलेल्या लिन्सखोटेन या डच प्रवाशाने या पेठेत रोज सकाळी भरणाऱ्या बाजाराचे वर्णन केले आहे, आणि त्यात अरबी घोडे व मसाले यांच्याबरोबर तरुण-वृद्ध गुलामही विक्रीस उभे असल्याचे लिहिले आहे. मोझांबिकहून हस्तिदंत आणि सोने आणणाऱ्या जहाजांतून माणसेही येत. बंगाल आणि जपान येथूनही ती आणली गेली. कमानीखाली थोडा वेळ उभे राहावे आणि मगच पुढे जावे.

त्यानंतर चांदोरचे मिनेझिस ब्रागांझा घर किंवा केप्याचा पालासियु द देआंव यांसारखे, पाहुण्यांसाठी खुले असलेले घर निवडावे. ही कुटुंबांची राहती किंवा खासगी जपलेली घरे असल्यामुळे आधी फोन करून वेळ ठरवावी आणि छायाचित्रांची परवानगी विचारून घ्यावी. घराचा कोणता भाग कधी बांधला, हे सर्वप्रथम विचारावे. पोर्तुगालने १८३६ च्या हुकुमाने गुलामांचा व्यापार बंद केला. गुलामगिरी मात्र १८६९ मध्ये रद्द झाली, आणि तेव्हाही मुक्त झालेल्यांना पुढे काही वर्षे जुन्या मालकाचीच सेवा करणे भाग होते. म्हणून १७८७ च्या सुमाराची वास्तू आणि १९०० नंतर वाढवलेली खोली यांना एकच प्रश्न लागू पडत नाही. एखाद्या विशिष्ट घरात गुलाम होते असे कागदपत्रांवाचून गृहीत धरू नये. त्या काळी अशा घरांत कोण राबत असे, एवढेच विचारावे.

मग स्वयंपाकघर, कोठार, विहीर आणि मागचे दार दाखवण्याची विनंती करावी. नोकरांनी कुठे झोपायचे, त्यांनी घरात शिरण्याची वाट कोणती, मचिला, म्हणजे मालकांची पालखी, कोण उचलत असे? एका घरात, ते कोणते हे सांगत नाही, वाटाड्याने मला स्वयंपाकघरासमोरून घाईने पुढे नेले आणि ‘ती सगळी घरचीच माणसे होती’ असे म्हटले. या उत्तरावर वाद घालू नये, पण तेथे थांबूही नये. घरच्या त्या माणसांची नावे कोणाला आठवतात का, हे सौम्यपणे विचारावे. बहुतेकदा मौनच मिळते, आणि ते मौनही टिपून ठेवण्यासारखे असते.

हा सारा दोष केवळ पोर्तुगीज फिदाल्गोंचा, म्हणजे उमरावांचा, होता, असे मानण्याची सोय आपल्याला नाही. पणजीतील म्हामाय कामत या हिंदू व्यापारी घराण्याच्या दप्तरात अठराव्या शतकातील फ्रेंच गुलामव्यापाराच्या नोंदी आहेत. गोव्यातून माणसे फ्रेंचांच्या मॉरिशसकडे जात होती, आणि त्यांचा हिशेब आपल्याच पेढीवर लिहिला जात होता. हे कागद पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये आहेत. घाटावरच्या मराठी दप्तरांतही कुणबिणी आणि बटकी, म्हणजे गुलाम स्त्रिया, यांची खरेदी-विक्री नोंदलेली आहेच. अभ्यासाची इच्छा असल्यास पणजीच्या पुराभिलेख विभागात अर्ज करून गुलामांच्या मुक्तिपत्रांविषयी विचारता येते. तेथे सहसा मालकाचे पूर्ण नाव सापडते; मुक्त झालेल्याचे मात्र बाप्तिस्म्याचे नाव आणि जात किंवा देश एवढेच.

वेळ असल्यास कर्नाटकातील उत्तर कन्नड (कारवार) जिल्ह्याच्या यल्लापूर, हल्याळ भागात राहणाऱ्या, आफ्रिकी वंशाच्या शिद्दी समाजाचाही विचार करावा. गोव्यातून पळून घाटातील रानात आसरा घेतलेल्यांशी त्यांचे मूळ जोडले जाते, आणि त्यांच्यापैकी अनेकजण आजही कोकणी बोलतात.