ऑव्हेरमधली पाच नंबरची खोली: जायचं कसं, बघायचं काय

चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग २० मे १८९० रोजी पॅरिसपासून तीसेक किलोमीटरवरच्या ऑव्हेर-स्युर-वाझ या गावी आला आणि ओबेर्ज रावू नावाच्या खाणावळीत माळ्यावरची पाच नंबरची खोली त्याने घेतली. जेवणखाण धरून दिवसाला साडेतीन फ्रँक. २९ जुलैच्या पहाटे, छातीत गोळी घेऊन, तो याच खोलीत मरण पावला. आत्महत्या झालेली खोली पुन्हा भाड्याने दिली गेली नाही, म्हणून ती जशीच्या तशी राहिली. १९९३ पासून ती लोकांना बघता येते.

आधी वार आणि महिना बघा, विमानाचं तिकीट त्यानंतर. हिवाळ्यात खोली बंद असते, आणि हंगामातही सोमवार-मंगळवारी दार उघडत नाही. नेमक्या तारखा दरवर्षी बदलतात, त्या आता संग्रहालय झालेल्या या खाणावळीच्या संकेतस्थळावर पाहून तिथूनच वेळ आरक्षित करावी. वर एका वेळी मोजकीच माणसं सोडतात. शनिवार-रविवारी आयत्या वेळी गेलं तर ताटकळावं लागतं.

पॅरिसच्या गार द्यु नॉर स्थानकावरून एच लाइनची गाडी घ्यायची आणि पाँत्वाझ किंवा व्हालमाँद्वाला बदलायची. बदलण्याची वेळ धरून सव्वा ते दीड तास. हंगामात शनिवार-रविवारी सकाळी थेट गाडीही असते. पाँत्वाझकडून येताना शापोनव्हाल हे स्टेशन आधी लागतं. तेही याच गावाच्या हद्दीत आहे, पण तिथे उतरलात तर बरंच चालावं लागेल. गाड्या विरळ आहेत, म्हणून परतीची वेळ उतरल्याउतरल्या टिपून ठेवा. स्टेशनपासून खाणावळ पाच मिनिटांवर, नगरपालिकेच्या समोर. नगरपालिकेच्या या इमारतीचंही त्याने चित्र काढलं आहे, १४ जुलैच्या, म्हणजे फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनाच्या, पताकांसकट.

आता खोली. क्षेत्रफळ सात चौरस मीटर, म्हणजे जेमतेम ७५ चौरस फूट. उतरत्या छपरात एक लहानसा झरोका, पोपडे आलेल्या भिंती, एक खुर्ची. बाकी काही नाही. पिवळी खाट आणि निळ्या भिंती शोधत येणाऱ्यांची इथे निराशा होते. त्याच्या प्रसिद्ध चित्रातली ती खोली दक्षिण फ्रान्समधल्या आर्लची, तिथे तो आधी राहत होता. ते घर १९४४ च्या बाँबहल्ल्यात पडलं. त्या काळच्या खोलीत सामान कसं असे, हे शेजारी, डच चित्रकार हिर्शिग राहत होता तिथे, मांडून दाखवलं आहे. ते बघून पुन्हा रिकाम्या खोलीच्या दारात उभं राहा आणि वरच्या झरोक्याकडे बघा: एवढ्याशा उजेडात चित्र काढणं कठीण. तो बराच वेळ बाहेर शेतात असे, आणि सत्तर दिवसांत सत्तरहून अधिक चित्रं झाली. आत फोटो काढू देत नाहीत. जिना अरुंद आणि चढा आहे. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं.

मूळ चित्रं इथे नाहीत. ऑव्हेरचं चर्च आणि त्याच्यावर इथे उपचार करणाऱ्या डॉक्टर गाशेचं एक व्यक्तिचित्र पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. ते आदल्या दिवशी बघूनच इथे यावं, एवढा आमचा आग्रह आहे. डोळ्यांत ती निळाई ताजी असताना खरं चर्च समोर येतं, तेव्हा त्याने भिंती किती वाकवल्या ते कळतं.

खोलीतून निघाल्यावर आधी दोबिन्यी रस्त्याला जा. खाणावळीपासून दीडेकशे मीटरवर उघड्या मुळांचा उतार आहे. त्याचं शेवटचं मानलं जाणारं चित्र इथलंच, आणि ही जागा ओळखली गेली २०२० साली, एका जुन्या पोस्टकार्डावरून. कावळे उडत असलेल्या गव्हाच्या शेताचं चित्र शेवटचं, हा समज सोडून द्यावा. मग चर्चवरून चढ चढून वर पठारावर यायचं. एका बाजूला तेच गव्हाचं शेत, दुसरीकडे दफनभूमी. आत डावीकडच्या भिंतीलगत दोन साधे दगड: व्हिन्सेंट आणि १९१४ साली त्याच्याशेजारी आणलेला भाऊ थिओ. दोघांवर मिळून आयव्हीची एकच वेल पसरली आहे.