शिबिराला निघण्याआधी: एमबीएच्या नव्या बॅचसाठी

सीईटी, कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) फेऱ्या आणि कागदपत्रांची पडताळणी यातून सुटून एमबीएचं पहिलं सत्र सुरू होतं, तेव्हा सह्याद्रीत पाऊस अजून ओसरलेला नसतो. नेमकं तेव्हाच कॉलेज नव्या मुलांना ‘लीडरशिप अँड कम्युनिकेशन’साठी कामशेत, मुळशी नाहीतर पाचगणीला घेऊन जातं. म्हणून सॅक भरताना नेतृत्वाचं नंतर बघा, आधी पावसाचं बघा.

जीन्स घरीच राहू दे, एकदा भिजली की परत येईपर्यंत वाळत नाही. ट्रॅक पँट आणि लवकर वाळणारे टी-शर्ट घ्या. पाचगणी जवळपास 1300 मीटर उंचीवर आहे, तेव्हा एक स्वेटर हवाच. छत्रीऐवजी विंडचीटर घ्या, कारण पाचगणीच्या टेबललँड पठारावरचा वारा छत्री उलटी करतो. बूट नवेकोरे नकोत, पायात रुळलेले पण तळ न झिजलेले असावेत. रात्री त्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा. सोबत सँडल, टॉर्च, पॉवर बँक आणि ओल्या कपड्यांसाठी मोठी प्लास्टिकची पिशवी. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी वाई येण्याच्या बरीच आधी घ्यावी, पसरणी घाट सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही.

आरोग्याचा फॉर्म बसमध्ये मांडीवर ठेवून भरायची पद्धत आहे, ती मोडा. दमा, फिट, ॲलर्जी, गुडघ्याचं जुनं दुखणं, सगळं लिहा. इनहेलर सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा. जैन जेवण हवं असेल तर आठवडाभर आधी कळवा. उंचीची भीती वाटणाऱ्यांनी ‘चॅलेंज बाय चॉइस’ हे शब्द लक्षात ठेवावेत. दोरावर चढायचं की खाली थांबून दोर धरणाऱ्यांना मदत करायची हे तुम्ही ठरवायचं, असं हे तत्त्व सांगतं. चांगले प्रशिक्षक ते पाळतात.

आता बोलण्याची तयारी. ‘मायसेल्फ अमुक, माय हॉबीज आर रीडिंग अँड ट्रॅव्हलिंग’ हे पाठ करून येऊ नका. तुमच्या आधीच्या दहाजणांनीही तेच म्हटलेलं असेल. त्यापेक्षा स्वतःचा एक प्रसंग निवडा. मंडळाच्या वर्गणीवरून झालेली वादावादी, गॅदरिंगला ऐनवेळी न आलेला साउंडवाला किंवा घरच्या दुकानातली थकलेली उधारी, काहीही चालेल. काय अडलं, तुम्ही कुणाला नेमकं काय म्हणालात आणि पुढे काय झालं, हे दीड मिनिटात सांगता यायला हवं. फोनवर रेकॉर्ड करून ऐका. स्वतःचा आवाज ऐकणं फारसं सुखाचं नसतं, तरी ऐका. इंग्रजीत अडलात तर ते वाक्य मराठीत पूर्ण करून पुढे जा. गप्प बसण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

कारण गटातल्या खेळांत खरा घोटाळा गप्प राहण्यामुळेच होतो. चंद्रावर अडकलेल्या अंतराळवीरांचा खेळ बहुधा असेलच. त्यात 15 वस्तू महत्त्वाच्या क्रमाने लावायच्या, आधी एकट्याने, मग गटाने. ऑक्सिजन पहिला येतो आणि काडेपेटी शेवटी, कारण तिथे ती पेटणारच नाही. बाकीची उत्तरं नेटवर शोधून जाऊ नका, खेळाची मजा जाईल. गुण मोजताना मात्र एक बघा: गटापेक्षा गटातल्याच कुणा एकाचं उत्तर सरस निघालं का? बहुतेकदा तो माणूस एकदाच हळू आवाजात बोललेला असतो आणि कुणीतरी त्याला मध्येच तोडलेलं असतं. तेव्हा आधीच ठरवून जा, प्रत्येक खेळात न बोललेल्या एकाला तरी नाव घेऊन विचारायचं. मोठ्या आवाजाच्या मंडळींना हे सर्वांत जड जातं. त्यांनी तर आवर्जून करावं.

स्पॅगेटीच्या काड्यांचा मनोरा रचून टोकावर मार्शमेलो ठेवायचा, तो 18 मिनिटांचा खेळही ठरलेला. हा खेळ अनेक गटांकडून करून घेतलेल्या टॉम वुजेक यांनी 2010 च्या टेड भाषणात सांगितलं होतं की यात बालवाडीतली मुलं बिझनेस स्कूलच्या पदवीधरांपेक्षा उंच मनोरे रचतात. मोठ्यांचा वेळ प्रमुख कोण हे ठरवण्यात आणि आराखड्यात जातो, मार्शमेलो शेवटच्या क्षणी चढतो आणि सगळं कोसळतं. मुलं तो सुरुवातीपासूनच ठेवून बघतात.

वही आणि पेन्सिल विसरू नका, दमट कागदावर पेन अडतं. पाचगणीच्या एशिया प्लॅटो या शिबिर केंद्राला जाणार असाल तर तिथे शांत बसून मनात येईल ते लिहिण्याची परंपरा आहे, फोनवर टिपून घेण्यात ती गंमत नाही. खेळानंतरच्या चर्चेत पुढे बसा. खेळ हे निमित्त, शिकायचं ते त्या चर्चेत असतं, आणि नेमकं तेव्हाच अर्धी बॅच चहाकडे डोळे लावून बसते.

स्ट्रॉबेरीची आशा धरू नका, तिचा हंगाम थंडीतला. रविवारी संध्याकाळी पाचगणीहून पुण्याकडे परतताना खंबाटकीपासून कात्रजपर्यंत गाड्यांची रांग असते, तेव्हा सोमवारची असाइनमेंट निघण्याआधीच उरकून टाका.