मुरघासाची तयारी: कुट्टीयंत्र शेतात येण्याआधी

मुरघास म्हणजे कुट्टी करून, हवाबंद दाबून आंबवलेला हिरवा चारा. त्यासाठीचा मका कापणीला आला की घाई उडते, आणि नेमका तेव्हाच खड्डा अर्धवट असतो, प्लास्टिक आणायचं राहिलेलं असतं. म्हणून तयारीला तीन-चार आठवडे आधीच लागावं, आणि सुरुवात शेतापासून नाही, गोठ्यापासून करावी.

आधी जनावरं मोजा. दुभत्या जनावराला दिवसाला 15 किलो मुरघास धरला, तर 20 जनावरांना रोज 300 किलो लागतो, म्हणजे सहा महिन्यांना 54 टन. थोडा वाया जातोच, तेव्हा 60 टन चाऱ्याची सोय बघा.

यापुढचा हिशेब बरेच जण करत नाहीत, आणि माझ्या मते सगळ्या तयारीत मोलाचा तोच आहे. खड्डा उघडल्यावर तोंडावरून रोज निदान 15 सेंटिमीटर मुरघास निघाला पाहिजे, उन्हाळ्यात त्याहून जास्त. नाहीतर आत शिरलेल्या हवेने तो तापतो आणि बुरशी धरते. नीट दाबलेला मुरघास घनमीटरला साधारण 600 किलो भरतो, म्हणजे 300 किलोला अर्धा घनमीटर. तोंड 2 मीटर रुंद आणि दीड मीटर उंच असेल, तर रोज 17 सेंटिमीटरच्या आसपास निघेल. जमलं. पण तोच खड्डा 5 जनावरांसाठी केला, तर रोज जेमतेम 4 सेंटिमीटर निघेल आणि बुरशी पुढे, तुम्ही मागे. थोडी जनावरं असणाऱ्यांनी खड्ड्याच्या फंदात न पडता पिशव्याच भराव्यात. एक उघडली की ती लवकर संपते. मोठ्या गोठ्यालाही एका लांबलचक खड्ड्यापेक्षा दोन आखूड खड्डे बरे.

जागा उंचवट्यावर निवडा, पाणी साचता कामा नये. विहीर, ओढा यांपासून लांब राहा, कारण ओल्या चाऱ्यातून झिरपणारा रस आम्लधर्मी असतो आणि पाणी नासवतो. उंदीर-घुशींची बिळं आताच बुजवून घ्या.

कापणीचा दिवस दाणा ठरवतो. शेताच्या कडेचं नको, आतलं कणीस घ्या, मधोमध मोडा आणि दाण्याकडे नीट बघा. वरचा भाग पिवळा, कडक झालेला असतो, खाली टोकाकडे पांढरा चीक असतो आणि मधे एक पुसट रेषा दिसते. ती रेषा दाण्याच्या मध्यावर उतरली की कापणी जवळ आली. आपल्याला शुष्क पदार्थ, म्हणजे पाणी वगळून उरणारा भाग, 30 ते 35 टक्के हवा. खात्रीसाठी कुट्टीची मूठ अर्धा मिनिट घट्ट दाबून सोडा. रस गळला तर चारा अजून ओला आहे, गोळा लगेच विस्कटला तर वाळला आहे. गोळा हळूहळू सुटला आणि तळवा नुसता ओलसर झाला, की यंत्रवाल्याला फोन करा. शेवटची फवारणी कधी झाली आणि औषधाच्या लेबलावर किती दिवस थांबायला सांगितलंय, हेही त्याआधी तपासा. पावसाने ताण दिलेल्या मक्यात नायट्रेट साठतं, विशेषतः बुडख्याकडे. तिथे कापणी वीतभर उंचावरून करा आणि खाऊ घालण्याआधी नमुना तपासून घ्या.

यंत्राची पाती आदल्या दिवशी धार लावलेली हवीत, कुट्टी 1 ते 2 सेंटिमीटर पडली पाहिजे. लांब तुकडे दबत नाहीत आणि मधे हवा राहते. दाबायला ट्रॅक्टर कुठला, चालवणार कोण, ते आधीच ठरवा. थर 15 सेंटिमीटरचाच पसरा आणि कडांना दुप्पट वेळ द्या. सडणं बहुतेकदा तिथूनच सुरू होतं. दाबणं कमी पडत असेल तर कापणीचा वेग कमी करा. जिवाणू संवर्धक (चारा आंबवणारे जिवाणू) वापरायचा तर वापरा, पण ढिल्या दाबलेल्या खड्ड्याला तो वाचवू शकत नाही. चांगल्या मक्यात साखर मुळातच पुरेशी असते, गूळ किंवा मळी घालायची गरज सहसा पडत नाही.

झाकायला जाड प्लास्टिक, त्यावर ठेवायला मातीच्या पिशव्या किंवा जुने टायर, आणि फाटलं तर चिकटवायला पट्टी, हे सगळं कापणीच्या आदल्या दिवशी खड्ड्याशेजारी हजर असू द्या. भरलेला खड्डा रात्रभर उघडा ठेवू नये.

घरातल्या मुलांना आणि मजुरांना एक गोष्ट बजावून सांगा. पहिले तीन आठवडे मुरघासातून विषारी वायू निघू शकतो. तो हवेपेक्षा जड, तांबूस-तपकिरी रंगाचा असतो आणि त्याला ब्लीचसारखा वास येतो. खोल खड्ड्यात किंवा बंद टाकीत या काळात कोणीही उतरू नये. आत कोणी कोसळलं तर त्याच्यामागे उडी न घेता मदत बोलवावी.

खड्डा निदान सहा आठवड्यांनी उघडा. आंबूस-गोडसर वास, हिरवट-पिवळा रंग आणि सामू (pH) 4 च्या आसपास असेल तर मुरघास साधला. बुरशीचे थर काढून फेकून द्या, गाभण जनावरांच्या गव्हाणीत तर ते अजिबात पडू देऊ नका. सुरुवात रोज 3-4 किलोंपासून करा आणि आठ-दहा दिवसांत पूर्ण मात्रेवर या.