ऑक्टोबरातली मेथी, मुलांच्या हातची

एक चौरस मीटर वाफ्याला चमचाभर मेथीदाणे पुरतात. रात्री भिजत घाला. सकाळी वीतभर अंतरावर बोटाने रेघा ओढा. दाणे मुलांना टाकू द्या, चार-पाच वर्षांच्या मुलालाही ते छान जमतं. एका जागी मूठभर पडणारच, तिथे नंतर विरळणी करा. वर जेमतेम एक सेंटीमीटर माती. खोल गेलेला दाणा वर येत नाही.

पाणी झारीनेच, सकाळी. संध्याकाळी वाफा चिंब ठेवला की रोपं बुडाशी कुजून आडवी पडतात.

महिन्याभरात भाजी तयार. वाटीभर बाजरीच्या पिठात अर्धी वाटी चिरलेली मेथी घालून गरम पाण्याने मळा; गार पाण्याने भाकरी थापताना चिरते.