जपानी क्लासिकल ऐकायला सुरुवात कशी करायची

आमच्या बेळगावात भजन, नाट्यसंगीत ऐकून कान तयार झालेले असतात, मग जपानी ऑर्केस्ट्रा पहिल्यांदा लावला की वाटतं ह्यात चाल कुठंय? चाल शोधूच नका की. तोरू ताकेमित्सु (1930–1996) ह्या जपानी संगीतकारापासून सुरू करा, आधी 1957 चं 'रिक्वियम फॉर स्ट्रिंग्ज' लावा, त्यात सगळी व्हायोलिन-चेलोच आहेत त्यामुळं कान दचकत नाही. मग 1967 चं 'नोव्हेंबर स्टेप्स', हे हेडफोन लावूनच ऐका, रात्री पाऊस थांबल्यावर. ह्यात बिवा (तिकडचं तंतुवाद्य) आणि शाकुहाची (म्हणजे तिकडची बांबूची बासरी) एका बाजूला आणि वेस्टर्न ऑर्केस्ट्रा दुसऱ्या बाजूला, आणि गंमत म्हणजे ताकेमित्सुनं दोघांना एकजीव केलंच नाही, वेगळेपण तसंच ठेवलं, मला तर तेच सगळ्यात भारी वाटतं. गडी आधी फ्रेंच संगीतकार देबुसीच्या प्रेमात, जपानी वाद्यांकडं वळला तो अमेरिकेचा संगीतकार जॉन केज ह्याच्यामुळं!

दोन सुरांमधल्या शांततेला तिकडं 'मा' म्हणतात, फॉरवर्ड करू नका, तिथंच थांबा. आपल्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचं गाणं ऐकणाऱ्याला हे लगेच कळेल बघा. नंतर तोशिओ होसोकावा लावा, हिरोशिमाचे, शिकले बर्लिनला.