डच व्यापारी नाण्यांच्या अभ्यासाला लागताना

नाणेशास्त्रात नव्याने येणाऱ्यांना मी आधी एकच सांगते: नाण्याइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, ते सापडले कुठे याची नोंद जपा. डच व्यापारी नाण्यांचा अभ्यास या नोंदीवरच उभा आहे. ही नाणी पाडली जायची ती मुळी परदेशी धाडण्यासाठी.

लेउवेनडालडर घ्या. १५७५ पासून आधी हॉलंडने आणि मग इतर प्रांतांनी पाडलेले हे चांदीचे नाणे. एका बाजूला ढालीमागे उभा सरदार, दुसऱ्या बाजूला मागच्या पायांवर उभा सिंह. वजन साधारण २७.७ ग्रॅम, कस सुमारे ७५ टक्के. त्या काळचे रेइक्सडालडर हे दुसरे डच चांदीचे नाणे याहून जड आणि कसालाही बरेच सरस होते. पण पूर्वेच्या बाजारात सिंहाच्या नाण्याला कसाच्या मानाने चांगला भाव मिळे, त्यामुळे घरचे चांगले नाणे घरी ठेवून व्यापारी हेच बाहेर पाठवत. ऑटोमन मुलखात ते इतके रुजले की अरब लोक त्यातल्या सिंहाला कुत्रा समजून नाण्याला ‘अबू कल्ब’ म्हणू लागले. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या वसाहतीतही ते चलनात होते.

नाणे चालू लागले की नकला येतातच. उत्तर इटलीतल्या काही छोट्या राजवटींनी तोच सिंह कमी कसाच्या चांदीवर उठवला. सोन्याच्या डुकाटची गोष्ट याच्या उलट. डच डुकाटचे वजन साधारण ३.५ ग्रॅम आणि सोने जवळजवळ शुद्ध. रशियाने अठराव्या शतकापासून थेट १८६८ पर्यंत सेंट पीटर्सबर्गच्या टांकसाळीत गुपचूप डच डुकाट पाडले. सैन्याचा आणि आरमाराचा परदेशातला खर्च त्यातून भागे. त्यांचे सोने चोख असे, त्यामुळे बाजाराला तक्रारीचे कारणच नव्हते. रशियाविरुद्धच्या पोलिश उठावात १८३१ मध्ये वॉर्सातही डच डुकाट पाडले गेले. त्यांवर छोटा गरुड असतो, म्हणून ते ओळखू येतात. तेव्हा नक्कल म्हणजे टाकाऊ, हा समज या अभ्यासात पहिल्याच आठवड्यात सोडावा. त्या काळी केलेली नक्कल हा पुरावा असतो. आज ग्राहकाला फसवायला केलेले बनावट नाणे ही वेगळीच चीज.

मराठी माणसाला हे समजायला सोपे जावे. आपल्याकडच्या पुतळ्यांच्या माळेतली पुतळी व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावरून आलेली आहे. घरात जुनी माळ असेल तर भिंग घेऊन बसा. आकृत्या ओळखू येतात, पण अक्षरांच्या जागी बहुधा नुसत्या रेघा आणि ठिपके दिसतात. नकलाकाराला चित्र कळले होते, लिपी नाही. डच नाण्यांच्या नकला पाहतानाही नजर आधी अशीच अक्षरांवर जायला हवी.

साधने फार लागत नाहीत: शतांश ग्रॅम दाखवणारा काटा, व्हर्नियर, दहापट भिंग. वजन आणि व्यास नोंदवा, कड चारही बाजूंनी तपासा. कडेला जोडाची रेघ किंवा पृष्ठभागावर बारीक छिद्रे दिसली तर नाणे साच्यात ओतलेले असण्याचा संशय घ्या. लेउवेनडालडरवर मात्र ठसा अर्धवट उठलेला असणे अगदी नेहमीचे आहे. नाणे पसरट, काम घाईचे आणि हातोड्याचे. तेवढ्यावरून त्याला खोटे ठरवू नका.

सापडलेली जागा किती बोलते, याचे माझे आवडते उदाहरण म्हणजे झाउटडॉर्प. डच ईस्ट इंडिया कंपनीचे हे जहाज १७१२ मध्ये बटाव्हियाला (आजचे जकार्ता) जाताना पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या कड्यांवर आदळले. विसाव्या शतकात तिथे अवशेष मिळाले, पण जहाज कोणते हे कळेना. उत्तर नाण्यांनी दिले. त्यांवर झीलंड प्रांताचा शिक्का आणि १७११ हे साल होते. त्या वर्षी झीलंडमधल्या मिडेलबर्गमध्ये पाडलेली ही लहान नाणी झाउटडॉर्पवर चढवल्याची नोंद होती. हीच नाणी एखाद्या लिलावात जागेच्या नोंदीशिवाय आली असती, तर जहाजाबद्दल काहीच सांगू शकली नसती.

भारतात अडचण वेगळी आहे. सुरतेला उतरलेली परदेशी चांदी मुघल टांकसाळीत वितळून तिचे रुपये होत, म्हणून त्या व्यापाराच्या मानाने मूळ डच चांदीची नाणी फार थोडी उरली. इथे कागदपत्रांकडेच जावे लागते. कंपनीचे दप्तर हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे आणि त्याचा मोठा भाग घरबसल्या पाहता येतो. डच भाषा पूर्ण येण्याची वाट पाहू नका. मालाची नावे, वजने आणि आकडे वाचता येऊ लागले की याद्या उलगडतात. मराठी कागद चाळताना ‘वलंदेज’, म्हणजे डच, हा शब्द शोधा. कोकणात वेंगुर्ल्याला त्यांची वखार होती, तिचे पडके अवशेष आजही उभे आहेत. नाशिकजवळ अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेत जाऊन या. नाणे हातात कसे धरायचे इथपासून शिकायला मिळते.

कायदाही माहीत हवा. जमिनीत पुरलेले दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचे धन सापडले तर १८७८ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, आणि शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी देशाबाहेर पाठवण्यावर १९७२ च्या कायद्याने बंधन आहे. सापडलेले नाणे घासून चकचकीत करू नका, त्याच्यावरची मातीसुद्धा राहू द्या.

सुरुवात तांब्याच्या डॉइटपासून करा, असे माझे ठाम मत आहे. कंपनीचे गुंफलेले बोधाक्षर एका बाजूला, प्रांताची ढाल दुसऱ्या बाजूला, आणि साल स्पष्ट. ही नाणी विपुल आणि स्वस्त आहेत. हॉलंड, झीलंड, उत्रेख्त यांच्या ढाली शेजारी शेजारी ठेवून फरक लिहून काढा. मग सिंहाकडे वळा.